‘प्रॉक्सी’ नेमके कोणाला म्हणावे? मुखत्यार, प्रतिनिधी आणि चिठ्ठी घेऊन आलेला भाऊ

वाडीचा_सचिव

देवगड तालुक्यातील एका लहान आंबा बागायतदार सहकारी संस्थेचे दप्तर माझ्याकडे आहे. बाग सांभाळतो एक आणि सभासद नोंदवहीत नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट कोकणात कोणालाच नवी नाही. थोरला भाऊ मुंबईत नोकरीला असतो, धाकटा मोहोर आल्यापासून पेटी भरेपर्यंत सगळे पाहतो आणि संस्थेच्या सभेलाही तोच येऊन बसतो. आजवर त्यावाचून कोणाचे काही अडले नव्हते. गेल्या वार्षिक सभेत मात्र रायपनिंग चेंबरसाठी कर्ज काढावे की नाही यावर मतदान घ्यावे लागले आणि कोणाचा हात मोजायचा हा प्रश्न उभा राहिला. एकाने भावाच्या सहीची चिठ्ठी काढली, दुसऱ्याने मोबाईलवर आलेला निरोप दाखवला, आणि एका गृहस्थांनी तर चुलत्याने नोटरीसमोर करून दिलेले कुलमुखत्यारपत्रच टेबलावर ठेवले. अध्यक्षांनी ‘प्रॉक्सी चालत नाही’ एवढेच सांगून तिघांनाही बसवले. तेव्हा ते गृहस्थ पुन्हा उठले आणि म्हणाले, “मी प्रॉक्सी नाही, मुखत्यार आहे. माझ्या सहीने जमिनीचा व्यवहार होतो, मग माझा हात का मोजला जात नाही?” याचे उत्तर सभेत कोणाजवळच नव्हते.

यंदाची सभेची नोटीस लवकरच काढायची आहे. ‘प्रॉक्सी’ या शब्दात कोण कोण येतो, मुखत्यार आणि प्रतिनिधी त्याच्यापासून वेगळे कसे, आणि नोटिशीत हे मराठीत कसे लिहावे, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कातळसडा

सचिव महाशय, तुमच्या अध्यक्षांनी निर्णय बरोबर दिला, पण कारण अर्धेच सांगितले, म्हणून वाद वाढला असावा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 27 मध्ये दोन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत. सभासदाचे भाग कितीही असोत, त्याला मत एकच. आणि तो मताचा हक्क त्याने जातीने बजावायचा, प्रॉक्सीमार्फत नाही. म्हणजे चिठ्ठी कच्ची की पक्की, साध्या कागदावरची की मुद्रांकावरची, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. जे काम कायद्याने माणसाने स्वतः करायचे ठरवले आहे, ते दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचा अधिकार मूळ माणसाकडेच नसतो, मग तो मुखत्याराकडे येणार कुठून? कुलमुखत्यारपत्र घेऊन कोणी विधानसभेच्या मतदान केंद्रावर चुलत्याचे मत देऊ म्हणेल, तर त्याला आपण काय सांगू? इथेही तेच सांगायचे.

आता शब्दाकडे येऊ. ‘प्रॉक्सी’ हे ‘प्रॉक्युरसी’ या जुन्या इंग्रजी शब्दाचे आखडलेले रूप आहे आणि त्याचे मूळ, दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. बांदा ओलांडून गोव्यात गेलात तर त्याच मुळाचा पोर्तुगीज शब्द जुन्या कागदांत आढळेल. तिथे मुखत्यारपत्राला ‘प्रोकुरासांव’ म्हणतात आणि गावकऱ्यांच्या कोमुनिदादीच्या, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या, कारभारात ‘प्रोकुरादोर’ नावाचे पदच असते. तेव्हा मुळापुरते पाहिले तर तुमच्या त्या गृहस्थांचे ‘मी प्रॉक्सी नाही, मुखत्यार आहे’ हे म्हणणे टिकणारे नाही, कारण दोघे एकाच घरचे आहेत. वापरात मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. इंग्रजी कायद्याच्या भाषेत प्रॉक्सी बहुधा एका सभेपुरता आणि एका मतापुरता नेमलेला माणूस असतो. त्याचा कागदही प्रॉक्सी आणि तोही प्रॉक्सी. मुखत्याराचा पल्ला याहून पुष्कळ लांब असतो.

शेवटची एक गोष्ट. दुसऱ्यासाठी काम करणाऱ्या प्रत्येकाला प्रॉक्सी म्हणण्याची जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाही. वाशीच्या बाजारातला अडत्या तुमच्या पेट्या तुमच्या वतीने विकतो आणि मागाहून पट्टी पाठवतो; पण त्या सकाळी भाव उतरला तर माल काढायचा की थांबवायचा, हे तो स्वतःच्या अकलेने ठरवतो. प्रॉक्सीला एवढी मोकळीक असावी, असे त्याला नेमणाऱ्याच्या मनात सहसा नसते. त्याने सांगितल्या बाजूला मत टाकून यावे, एवढीच अपेक्षा असते.

सुरंगी

मी मुंबईत कंपनी सचिवांच्या कार्यालयात काम करते, म्हणून कंपन्यांपुरते लिहिते. तिथे प्रॉक्सी चालतो, इतकेच नव्हे तर तो नेमण्याचा हक्क सभासदाला आहे हे सभेच्या नोटिशीत ठळकपणे सांगावे लागते. आमच्या गावाकडच्या मंडळींचा गोंधळ होतो तो याच कारणाने. घरी शेअरबाजारातल्या कंपनीचे पाकीट येते, त्यात प्रॉक्सीचा छापील फॉर्म असतो, आणि मग गावातल्या सोसायटीतही तसेच असेल असे वाटते.

पण कंपनी कायदा, 2013 चे कलम 105 नीट वाचले तर या प्रॉक्सीला किती आखडून ठेवले आहे ते दिसते. त्याचा कागद सभेच्या 48 तास आधी कंपनीकडे पोहोचवला की पुरे, त्याहून आधीची मुदत कंपनीला घालता येत नाही. त्याला सभेत बोलण्याचा अधिकार नाही. हात वर करून मतदान झाले तर त्याचा हात मोजला जात नाही. मतपत्रिकेने किंवा तत्सम रीतीने रीतसर मतगणना मागितली गेली, तरच त्याचे मत धरले जाते. आणि एका माणसाला 50 पेक्षा जास्त सभासदांचा प्रॉक्सी होता येत नाही. शिवाय त्या सगळ्यांचे मिळून मताधिकार असलेले भांडवल कंपनीच्या अशा भांडवलाच्या 10 टक्क्यांहून जास्त असता कामा नये. म्हणजे जिथे तो चालतो, तिथेही त्याला गप्प बसवून आणि मोजून मापूनच आत घेतले आहे.

कोविडच्या काळात 2020 पासून कंपन्यांच्या सभा पडद्यावर होऊ लागल्या, तेव्हा तशा सभांपुरती प्रॉक्सीची सोय काढून ठेवण्यात आली. सभासद दापोलीच्या घरात बसून स्वतःच हजर होऊ शकत असेल, तर त्याच्या जागी कोणाला बसवण्याचे कारणच उरत नाही. शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तर आता इलेक्ट्रॉनिक मतदानाची सोय द्यावीच लागते. त्यामुळे कंपन्यांच्या जगात हा शब्द पुढे मागे जुन्या छापील फॉर्मपुरताच उरेल, असा माझा अंदाज आहे.

चाकरमानी_७४

कातळसडा आणि सुरंगीताई यांचे म्हणणे समजले, पण न्यायाचे काय? कंपनीत ज्याची गुंतवणूक आहे त्याला घरबसल्या मत, आणि ज्याच्या आजोबांनी कातळ फोडून कलमे लावली त्याने मुंबईहून रजा काढून, बसचे तिकीट काढून यावे, नाहीतर गप्प बसावे. वर्षभर आम्ही भाग भांडवल देतो, वर्गणी देतो, देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे पाठवतो; मताची वेळ आली की आम्ही कोणीच नाही.

कातळसडा

तुमची तक्रार मला कळते. पण उलट बाजूही पाहावी. समजा चिठ्ठ्या चालू झाल्या. मग ज्या व्यापाऱ्याने हंगामाआधी उचल दिली आहे, तो त्याच्या कूळबागायतदारांकडून पाच-पन्नास चिठ्ठ्या सहज गोळा करील आणि संस्थेत एकटा येऊन कर्जाचा, गोदामाचा, मालाच्या दराचा ठराव करून जाईल. कंपनीत मत भांडवलाचे असते, म्हणून तिथे भांडवलाच्या टक्क्यांनी मर्यादा घालता येते. सहकारी संस्थेत मत माणसाचे आहे. माणूसच आला नाही तर मोजायचे काय? सुरंगीताईंनी सांगितलेली 50 सभासदांची मर्यादाही चिठ्ठ्या गोळा करणाऱ्या हातांच्या याच धास्तीतून आली असावी, असे मला वाटते.

दस्तलेखक

दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आवारात बसून दस्त लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. कोकणातल्या सामाईक सातबाऱ्यांमुळे मुखत्यारपत्रे जितकी माझ्या हातून गेली तितकी खरेदीखतेही गेली नसतील. म्हणून त्या गृहस्थांनी मांडलेल्या प्रश्नाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

साध्या मुखत्यारपत्रात एकाच कामाचा अधिकार असतो. कुलमुखत्यारपत्रात बहुतेक सगळ्या कामांचा. दोन्ही ठिकाणी अधिकार देणारा मालकच राहतो. मुखत्याराने केलेली सही मालकाची सही धरली जाते, म्हणून खरेदीखतावर ‘अमुक यांचे तर्फे कुलमुखत्यार म्हणून तमुक’ असे लिहावे लागते. नुसते स्वतःचे नाव घालून चालत नाही. लोक इथेच घसरतात. पाच वर्षे काकांच्या वतीने सह्या केल्या की पुतण्याला बाग आपलीच वाटू लागते. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितले की मुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र अशी तीन कागदांची मोळी बांधून स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. त्या आधी शहरांतून असे व्यवहार सर्रास होत आणि आपल्याकडेही बिनशेती प्लॉटच्या नावाने थोडे झाले.

दुसरी अडचण मृत्यूची. करार अधिनियम, 1872 च्या कलम 201 प्रमाणे मालक वारला की मुखत्यारी संपते. मुंबईत काका वारतात, गावात बातमी त्याच दिवशी पोहोचते, सुतक पाळले जाते, आणि वर्षभराने त्याच कुलमुखत्यारपत्रावर पुतण्या दस्त करायला येतो. “कागद तर तोच आहे ना?” असे तो मला विचारतो. कागद तोच असतो, पण त्याला अधिकार देणारा माणूस उरलेला नसतो. अशा वेळी वारसांची नोंद, फेरफार आणि मग सर्व वारसांच्या सह्या, एवढाच रस्ता आहे, आणि सातबाऱ्यावर आधीच वीस नावे असली तर तो रस्ता किती लांबतो हे इथल्या वाचकांना सांगायला नको. मुखत्याराचे स्वतःचे हितसंबंध त्या मालमत्तेत गुंतलेले असतील तर कलम 202 चा अपवाद आहे, पण तो वापरायचा असेल तर वकिलाला विचारूनच वापरावा.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. मोबदला घेऊन, जागा विकण्याचा अधिकार देणारे मुखत्यारपत्र केले तर त्यावर महाराष्ट्रात खरेदीखताप्रमाणेच मुद्रांक शुल्क लागते. “फक्त मुखत्यारपत्र करून द्या, खर्च कमी येतो” असे सांगणारा दलाल भेटला तर त्याला हे ऐकवावे.

आणि मताचा मुद्दा. न्यायालयातसुद्धा मुखत्याराच्या अधिकाराला कुंपण आहे. जानकी वासदेव भोजवानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की मुखत्याराने स्वतः केलेल्या कृतींबद्दल तो साक्ष देऊ शकतो, पण जी गोष्ट केवळ मालकालाच ठाऊक आहे, तिच्याबद्दल मालकाच्या जागी उभा राहून साक्ष देऊ शकत नाही. सही दुसऱ्याला देता येते, आठवण देता येत नाही. सभेतले मतही मला त्याच जातीचे वाटते. कायदा तिथे सभासदाची स्वतःची मर्जी विचारतो.

खाडीपलीकडे

दस्तलेखक यांच्या शेवटच्या मुद्द्यावरून आमच्या कोकणी मुसलमानांच्या निकाहाची रीत आठवली. तिथे ‘वकील’ हा शब्द कोर्टातल्या अर्थाने येत नाही. वधूच्या वतीने बोलणारा घरातला जाणता पुरुष वकील असतो. तो दोन गवाह घेऊन आत जातो, अमुक मुलाशी अमुक महर (वराने वधूला द्यायची रक्कम) ठरवून निकाह करायला तुझी संमती आहे का, असे तिला स्पष्ट विचारतो, आणि तिचा होकार घेऊन बाहेर काझींसमोर सांगतो. त्याला आपल्या मनाने होकार देता येत नाही, आणि दोन साक्षीदार त्यासाठीच बरोबर असतात. रायगडच्या किनाऱ्यावर मी हे लहानपणापासून पाहत आलो आहे. प्रॉक्सीचा नेमका अर्थ मला शिकवायचा झाला तर मी कंपनीच्या फॉर्मआधी हे उदाहरण देईन, कारण यात विचारले कोणी, होकार कोणाचा आणि पोहोचवला कोणी, हे तिन्ही वेगळे दिसतात.

पडवीतला_वाचक

मग गाऱ्हाण्याचाही विचार करावा लागेल. मालवण, कुडाळकडे देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणे घातले जाते, तेव्हा घालणारा बोलतो आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. त्यात मुंबईला असलेल्या लेकरांची नोकरी, धंदा, येण्याजाण्याची वाट हे सगळे येते. ते लोक तिथे नसतात, त्यांनी कोणाला चिठ्ठी दिलेली नसते, तरी त्यांच्या वतीने बोलले जाते आणि ते कोणालाही खटकत नाही. हे प्रतिनिधित्व आहे हे खरे, पण ते प्रॉक्सी नाही, कारण इथे कोणाचा हक्क बजावला जात नाही. कोणासाठी तरी मागणे मागितले जाते.

मान मात्र वेगळा. शिमग्यात पालखीला पहिला खांदा देण्याचा मान ज्या घराण्याचा, त्या घरातला थोरला हजर नसला तर भावकीतला पुढचा उभा राहतो, आणि त्यासाठी त्याला कोणाच्या परवानगीची गरज नसते. तो थोरल्याचा बदली नसून घराण्याचाच माणूस असतो. या रिवाजावरून गावांत कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत, म्हणून अधिक लिहीत नाही. पण सचिव महाशय, तुमच्या सभासदांच्या मनात संस्थेच्या मताबद्दल हाच हिशेब असावा. ‘थोरला नाही तर धाकटा’ ही त्यांना प्रॉक्सी वाटतच नाही.

दर्यावर्दी

व्यापारी जहाजांवर माझी नोकरी झाली, म्हणून समुद्रावरच्या माणसाच्या बाजूने लिहितो. जमिनीच्या कामासाठी परदेशातून मुखत्यारपत्र पाठवायचे असेल तर ते तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात करता येते आणि भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. हे व्यवस्थित चालते. मताचे मात्र तसे नाही. जहाजावरचा खलाशी असो की आखातातला इलेक्ट्रिशियन, त्याला मत द्यायचे तर मतदान केंद्रावर स्वतः यावे लागते. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांना प्रॉक्सीमार्फत मत देता यावे असे विधेयक लोकसभेने ऑगस्ट 2018 मध्ये संमत केले होते, पण पुढे लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले.

एक अपवाद आहे आणि तो आपल्याकडच्या सैनिकी घरांना माहीत असेल. लष्करातल्या मतदाराला 2003 पासून आपल्या वतीने मतदान करण्यासाठी प्रॉक्सी नेमता येतो. हा प्रॉक्सी त्याच मतदारसंघात राहणारा असावा लागतो. त्याने सैनिकाच्या वतीने मत दिले की शाई त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावतात, कारण तर्जनी त्याच्या स्वतःच्या मतासाठी राखून ठेवलेली असते. माझ्या मामेभावाने एकदा दोन्ही बोटांची शाई दाखवत गावभर मिरवले होते आणि अर्ध्या गावाला तो बोगस मतदान करून आला असे वाटले होते.

त्यावरून आठवले. कोणाच्या नावावर भलत्याच माणसाने मत टाकले तर त्यालाही काही जण बोलताना ‘प्रॉक्सी टाकली’ म्हणतात. कॉलेजात मित्राच्या नावाने हजेरी लावतात, तिथून ही बोली आली असावी. ते प्रॉक्सी नाही, ते तोतया मतदान आहे आणि तो गुन्हा आहे. आपल्या नावाने आधीच कोणी मत दिले असेल तर खऱ्या मतदाराला प्रदत्त मतपत्रिका मागता येते, हेही लक्षात ठेवावे.

माजी_सदस्या

हा शब्द ज्या ठिकाणी सर्वांत वाकडा वापरला जातो त्याबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली, पंचायतींत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. त्यानंतर ‘प्रॉक्सी सरपंच’ हा शब्द वर्तमानपत्रांत रूढ झाला. खुर्चीत बाई आणि कारभार नवऱ्याचा, असा त्याचा अर्थ घेतला जातो.

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीत एक मुदतभर सदस्य होते. आमच्या सरपंचबाईंचे यजमान सभेला येऊन पहिल्या बाकावर बसत आणि ग्रामसेवक विषय वाचून झाला की बाईंकडे न पाहता त्यांच्याकडे पाही. हे मी नाकारत नाही. माझा आक्षेप शब्दाला आहे. प्रॉक्सी म्हटला की त्याला नेमणारा कोणी तरी असावा लागतो. बाईंना नेमले कोणी? गावाने मत देऊन. मग त्या गावाच्या प्रतिनिधी आहेत, नवऱ्याच्या नव्हेत. नवऱ्याला मात्र कोणीच नेमलेले नाही, ना गावाने, ना बाईंनी लेखी कागदाने. तेव्हा वर्तमानपत्रे ज्या बाईला प्रॉक्सी म्हणतात तिच्याकडे पदाचे प्रमाणपत्र आहे, आणि ज्याच्याकडे काहीही नाही त्याला आपण ‘पती’ म्हणून मोकळे होतो. मराठीत ‘सरपंचपती’ असा शब्द चालतो, तो निदान बोट योग्य माणसाकडे दाखवतो. त्या सरपंचबाई तिसऱ्या वर्षी ‘हा विषय मी वाचते’ म्हणून कागद हातात घेऊ लागल्या. यजमान त्यानंतरही येत, पण मागच्या बाकावर.

शिवाय ग्रामसभेचेही सांगून ठेवते. ग्रामसभेचा सदस्य तोच, ज्याचे नाव गावाच्या मतदार यादीत आहे. ज्यांनी आपले नाव अंधेरी किंवा डोंबिवलीच्या यादीत नेले आहे त्यांना ग्रामसभेत मत नाही, आणि त्यांच्या वतीने भावालाही नाही. घर गावात आहे, घरपट्टी भरतो, हे उत्तर तिथे चालत नाही.

सागरतळ

थोडे बाजूचे, पण शब्दाच्या अर्थाला धरून आहे. समुद्रविज्ञानात ‘प्रॉक्सी’ माणसासाठी वापरतच नाहीत. हजारो वर्षांपूर्वी मोसमी वारे किती जोराचे होते हे मोजणारा कोणी नव्हता, म्हणून अरबी समुद्राच्या तळातला गाळ काढून त्यातील अतिसूक्ष्म कवचांची प्रमाणे पाहतात. ग्लोबिजेरिना बुलॉइडीस नावाच्या जीवाची कवचे जास्त सापडली की वाऱ्याने खोल पाणी वर आणले होते, म्हणजे मोसमी वारा जोरदार होता, असा निष्कर्ष काढतात. ते कवच वाऱ्याची प्रॉक्सी. त्याला कोणी नेमलेले नसते आणि त्याच्याकडे कसलाही अधिकार नसतो. जे आता हाती लागत नाही त्याची खूण म्हणून ते धरले जाते. मराठीत इथे ‘निदर्शक’ म्हटले तर चालते, ‘प्रतिनिधी’ म्हटले तर वाचणारा हसेल.

वाडीचा_सचिव

सर्वांचे आभार. माझ्या कामाचे दोन मुद्दे अजून उरले आहेत. पहिला, आमच्या सभासदांत शेजारच्या गावची एक विकास सोसायटीही आहे. सोसायटी स्वतः कशी येणार? तिच्या अध्यक्षांना बसू दिले तर बाकीचे म्हणतील की त्यांना प्रॉक्सी चालतो आणि आम्हाला नाही. दुसरा, काही भागदाखल्यांवर दोन भावांची नावे आहेत. तिथे कोणाचा हात मोजावा?

कातळसडा

पहिल्याचे उत्तर असे की संस्थेला हात नसतो, म्हणून तिने ठराव करून एका व्यक्तीला तिच्या वतीने मत देण्यासाठी पाठवणे कायद्याला मान्य आहे. त्याला प्राधिकृत प्रतिनिधी म्हणावे, प्रॉक्सी म्हणू नये, आणि ठरावाची खरी प्रत सभेआधी मागून दप्तरात लावावी. नुसते अध्यक्ष आहेत म्हणून बसवू नये.

दुसऱ्यासाठी पुन्हा कलम 27 पाहा. भाग सामाईक असेल तर दाखल्यावर ज्याचे नाव पहिले तो हजर असल्यास मत त्याचे. तो नसेल तर दुसऱ्या नावाचा, दोघेही नसतील तर पुढच्या नावाचा. फक्त तो अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, नसावा. पडवीतला वाचक यांनी सांगितलेला ‘थोरला नाही तर धाकटा’ हा रिवाज कायद्यात एवढ्याच दाराने आत येतो. म्हणून ज्या चाकरमान्यांना धाकट्या भावाने मत द्यावे असे खरोखर वाटते, त्यांनी चिठ्ठी पाठवण्यापेक्षा उपविधीप्रमाणे अर्ज करून भाग दोघांच्या नावावर करून घ्यावा. त्यानंतर धाकटा स्वतःच्या हक्काने येईल. चाकरमानी_७४ यांना हे उत्तर अपुरे वाटेल, पण आज हातात असलेला उपाय हाच आहे.

चाकरमानी_७४

अपुरे वाटते, पण करून घेईन. धाकट्याचे नाव लावायला माझी हरकत नाही, त्याच्या बायकोची असेल तर तेवढे त्यांनी घरी पाहावे. सचिव महाशयांना एकच विनंती, सभा गणपतीच्या सुट्टीत ठेवा. मार्चअखेर वर्ष संपल्यावर 30 सप्टेंबरपर्यंत सभा घ्यायचीच असते आणि चतुर्थीला आम्ही निम्मी मुंबई रिकामी करून गावातच असतो. मग चिठ्ठीचा प्रश्नच येणार नाही.

वाडीचा_सचिव

सभा गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवण्याचा प्रस्ताव समितीपुढे मांडतो. नोटिशीसाठी पुढील मजकूर तयार केला आहे, तो तपासून द्यावा:

“सभासदाने मतदानाचा हक्क स्वतः उपस्थित राहूनच बजवावयाचा आहे. पत्र, निरोप, मुखत्यारपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र यांच्या आधारे सभासदाच्या वतीने अन्य व्यक्तीस मत देता येणार नाही. सामाईक भाग धारण करणाऱ्यांपैकी प्रथम नाव असलेल्या सभासदास मत देता येईल. सभासद असलेल्या संस्थेने आपल्या प्रतिनिधीच्या नेमणुकीचा ठराव सभेपूर्वी सादर करावा.”

‘प्रॉक्सी’ हा शब्द मुद्दामच घातलेला नाही, कारण तो घातला की प्रत्येक जण आपापला अर्थ घेऊन उभा राहतो.

दस्तलेखक

मजकूर चांगला आहे. तिसरे वाक्य मात्र बदला, नाहीतर दुसरा भाऊ दारातूनच परत जाईल. असे लिहा: “सामाईक भागाच्या बाबतीत भागदाखल्यावरील नावांच्या क्रमाने, उपस्थित असलेल्या पहिल्या सज्ञान धारकास मत देता येईल.” आणि सभेच्या दिवशी भागदाखल्यांची नोंदवही टेबलावर उघडी ठेवा, म्हणजे नावांचा क्रम कोणी तोंडी सांगायला नको.